पेट्रोल लिटरवर विकतात, गाडी किलोमीटरवर चालते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात इथेनॉलवरून (पेट्रोलमध्ये मिसळतात ते उसा-मक्याचं अल्कोहोल) दोन वाचकांची चांगलीच जुंपली. पहिल्याचं म्हणणं, वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलनं गाडीचं वाटोळं केलं. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं मोबाइलवर उगवलेलं पीक आहे, सरकारनं तपासून घेतलंय, गप्प बसा. दोघंही शिकलेले दिसतात, भाषा छान आहे. पण दोघांपैकी एकानंही बोनेट उघडून पाहिल्याचं जाणवलं नाही. माझा तो रोजचा धंदा आहे. नागपूरच्या नंदनवन भागात गॅरेज टाकून छत्तीस वर्षं झाली, म्हणून हे पत्र. लांबलंय. कापायचं तर कापा, पण वहीतले आकडे तेवढे ठेवा.

वहीचं आधी सांगतो. माझे वडील मोटारीवर क्लीनर होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा खाजगी बसगाड्या लाकडी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. वडील त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचे. बसच्या मागच्या अंगाला माणसाच्या उंचीची पत्र्याची भट्टी बसवलेली असे. पहाटे उठून तिच्यात कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवत बसायचं. अर्धा-पाऊण तास फिरवलं की गॅस धरायचा. चढ आला की निम्मे उतारू खाली उतरून चालत, कारण त्या गॅसवर इंजिनाची निम्मी ताकद जायची. मालक रोज संध्याकाळी वडिलांकडून पाटीवर खडूनं दोनच गोष्टी लिहून घ्यायचा, कोळसा किती पोती गेला आणि मोटार किती मैल चालली. बाकी त्याला काही ऐकायचं नसे.

त्या भट्टीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि थोडा हायड्रोजनही असतो, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे आज ज्याचा एवढा गाजावाजा आहे, ते हायड्रोजन आमच्या बापानं १९४४ साली पंखा फिरवून चालवलं होतं. असो.

वडिलांची पाटी गेली, माझी लाल बांधणीची वही आली. माझ्या स्वतःच्या गाडीचं आणि सात-आठ नेहमीच्या गिऱ्हाइकांचं भरलेलं पेट्रोल, चाललेले किलोमीटर आणि गेलेले पैसे मी लिहून ठेवतो. टाकी गच्च भरायची, पुढच्या वेळी पुन्हा गच्च भरायची, मधले किलोमीटर भागायचे. यात कॉम्प्युटरचं काही काम नाही. डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तो नवरदेवाच्या पगारासारखा असतो, थोडा फुगवूनच सांगितलेला.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोल. दर रविवारी बायकोला घेऊन रामटेकला सासुरवाडीला जातो, कामठी, कन्हान, मनसर करत. तोच रस्ता, तीच गाडी, तोच ड्रायव्हर, टायरात हवाही तीच. २०२१ साली वहीत सरासरी लिटरला १६.२ किलोमीटर निघते. गेल्या वर्षभराची १५.१ निघते. जवळजवळ सात टक्के कमी. गाडी म्हातारी झाली म्हणून थोडं घटलं असेल, ते मी धरून चालतो. पण प्लग, फिल्टर, ऑइल सगळं माझ्याच हातचं आहे, त्यामुळे सगळा दोष म्हातारपणाला देणार नाही.

आणि हा आकडा काही माझ्या एकट्याच्या वहीतला नाही. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीनं २०२१ सालीच लिहून ठेवलंय की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेली चारचाकी वीस टक्क्यांवर चालवली, तर अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्के घटेल. दुचाकीचं तीन ते चार टक्के. आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाडीचं एक-दोन टक्के. कारण सरळ आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी आग असते, त्याच्या दोन-तृतीयांश आग एक लिटर इथेनॉलमध्ये असते. लिटरात पाचवा हिस्सा इथेनॉल आलं की सात टक्के आग गेली. यात कुणाची लबाडी नाही, रसायन आहे. लबाडी, किंवा निदान गोम, पुढे आहे. त्यावर येतोच.

आधी पहिल्या पत्रलेखकाच्या वाटोळ्याचं बघू. जुलैत एक निवृत्त मास्तर त्यांची २००९ ची छोटी पेट्रोल गाडी टोचन लावून घेऊन आले. पोरगा पुण्याला, गाडी महिन्यातून एखाद्या वेळी निघते, एरवी फाटकासमोर उभी. सर उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, इथेनॉलनं खाल्ली पहा माझी गाडी. मी पेपरात लिहिणार आहे."

म्हटलं, "सर, लिहा, पण आधी टाकी तर उघडू द्या."

मागची सीट काढली, टाकीतला पेट्रोल खेचणारा पंप बाहेर घेतला. जाम. पंपाच्या तोंडाशी जी रबरी रिंग असते, ती फुगून मऊ झालेली. नखानं दाबली तर नखाची खूण तशीच राहिली. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि उन्हात धरलं. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली चार बोटं वेगळाच थर, पाण्यासारखा पण पाणी नव्हे. बोट बुडवून वास घेतला तर दवाखान्यात सुई टोचण्याआधी जो कापूस फिरवतात, त्याचा वास. सर बघतच राहिले. म्हणाले, "म्हणजे पंपवाल्यानं पाणी घातलं?"

इथं मी माझी परीक्षानळी काढली. भाच्याच्या शाळेत फुटक्या सामानात निघालेली शंभर मिलिलिटरची काचेची मोजनळी आहे, कडेला टवका गेलेली. तिच्यात ताजं आणलेलं पेट्रोल ऐंशीच्या रेघेपर्यंत भरलं. त्यावर वीस पाणी. कपड्याच्या निळीचा एक थेंब टाकला, म्हणजे पाण्याला रंग चढतो. अंगठा लावून हलवली आणि पाच मिनिटं ठेवून दिली. टपरीवरची दोन पोट्टी चहा हातात घेऊन बघायला आली. निळा थर खाली बसला, पण विसावर नाही, पस्तीसच्या आसपास. एक पोट्टा म्हणाला, "काहून बे, पाणी वाढलं कसं?"

पाणी वाढलं नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याकडे गेलं. इथेनॉल पेट्रोलशी संसार करतं खरं, पण पाणी दिसलं की माहेरी पळतं. सरांच्या टाकीत हेच झालं होतं. टाकीच्या झाकणाचं वायसर तडकलेलं, नागपूरचा पाऊस तिरपा, गाडी उघड्यावर. पाणी आत गेलं. पूर्वीच्या पेट्रोलमध्येही पाणी जायचं, पण ते चमचाभर तळाशी बसून राहायचं, आम्ही नट खोलून काढून टाकायचो. आता थोडं पाणी इथेनॉलमुळे पेट्रोलमध्येच मुरतं, पण जास्त झालं की ते सोबत बरंचसं इथेनॉल ओढून घेऊन खाली बसतं, आणि पंपाचं तोंड नेमकं तिथंच असतं. पंपानं पेट्रोल समजून तेच प्यायलं.

म्हणून सरांना सांगितलं, की निम्मं पाप इथेनॉलचं, पाव झाकणाचं आणि पाव तुमचं, गाडी महिना-महिना हलवत नाही म्हणून. सरांना हा हिशेब फारसा आवडला नाही. पण पेपरात लिहायचा विचार त्यांनी तूर्त सोडला, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या पत्रलेखकालाही एक सांगायचंय. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना मला या पेट्रोलचा त्रास दिसलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. त्यांच्या नळ्या, रिंगा वेगळ्या रबराच्या आहेत. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजनचा सेन्सर असतो, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल थोडं जास्त सोडतो. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे इंजिन ठोका कमी मारतं. पण कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीला सेन्सर कुठला? तिथं पितळेचा जेट असतो, त्याला जेवढं भोक तेवढंच पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या भोकावर मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. गाडी तापते, पिकअप घेत नाही, सकाळी चोक ओढून ओढून माणूस थकतो. मी एक नंबर मोठा जेट टाकून देतो, काम भागतं. पण हे किती जणांना माहीत आहे? गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "भाऊ, गाडी मिसिंग मारून राह्यली, प्लग बदलून द्या." प्लग बदलून देणारे मिस्त्रीही आहेत. गिऱ्हाईक आठ दिवसांनी पुन्हा हजर.

तेव्हा "सगळं ठीक आहे" हेही खरं नाही आणि "वाटोळं झालं" हेही खरं नाही. कोणती गाडी, किती जुनी, किती उभी राहते, यावर सगळं आहे.

आता पैशाची गोम. माझ्या सासुरवाडीच्या रस्त्यावर १६.२ चं १५.१ झालं. पेट्रोल १०४ धरा. आधी किलोमीटरला ६ रुपये ४२ पैसे पडत होते, आता ६ रुपये ८९ पैसे. ४७ पैशांचा फरक. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला ४७० रुपये. एवढ्यानं कुणी उपाशी मरत नाही, मान्य. पण पंपावरच्या पाटीवर लिटरचा भाव तोच आहे. माल बदलला, भाव बदलला नाही. त्याच समितीच्या अहवालात अशा इंधनाचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा असंही सुचवलेलं होतं, म्हणजे घटलेल्या अ‍ॅव्हरेजची भरपाई होईल. ते पान कुठं गेलं?

सरकारचं यावर उत्तर आहे आणि ते पोकळ नाही, म्हणून तेही लिहितो. अहवाल लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. २०२५ साली तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे मोजत होत्या, आणि रिफायनरीतून निघणारं, कर न लागलेलं पेट्रोल त्यापेक्षा कमी भावात पडत होतं. म्हणजे मिसळल्यानं लिटर स्वस्त झाला नाही, महागच झाला. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, ते वाचतं, शेतकऱ्याच्या मक्याला गिऱ्हाईक मिळतं. सगळं कबूल. माझं म्हणणं एवढंच की मग हे पाटीवर लिहा. देशासाठी किलोमीटरला ४७ पैसे जास्त द्यायचे असतील तर देऊ, कोविडात थाळ्या वाजवल्या तर हे काय! पण न सांगता खिशातून घेतलेले पैसे आणि सांगून मागितलेले पैसे यात फरक असतो. आणि केंद्र-राज्य मिळून पेट्रोलवर जो कर घेतात, त्यातून एखादा रुपया सोडता येत नाही, असं तर नाही ना?

या बाबतीत ब्राझीलचे लोक आपल्यापेक्षा हिशेबी. त्यांनी १९७५ साली अल्कोहोलचा कार्यक्रम सुरू केला, २००३ पासून तिथं दोन्हीवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या मिळतात. पेट्रोलमधलं इथेनॉलही त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये तीस टक्क्यांवर नेलं. पण तिथल्या पंपावर निव्वळ इथेनॉलचं वेगळं नोझल असतं, वेगळा भाव असतो, आणि तिथला साधा टॅक्सीवालासुद्धा मनात एकच भागाकार करतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत आहे का? असला तर इथेनॉल, नसला तर पेट्रोल. झालं. हे माझ्या वहीचंच मोठं भावंड. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये काही पंपांवर 'इथेनॉल १००' सुरू झालं, त्यात महाराष्ट्रही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत आमच्या खासदारांनी, गडकरीसाहेबांनी, फ्लेक्स इंधनावरची इनोव्हा दाखवली. उत्तम. ती गाडी कुणाच्या दारात येईल तेव्हा येवो, पण सत्तर टक्क्यांचा हिशेब पाटीवर आजपासून लिहायला काय हरकत आहे?

लिटर आणि किलोमीटर यातला गोंधळ उलट्या बाजूनंही होतो. मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो झाला. पाइपलाइन नाही, गुजरातेतून टँकरनं थंड द्रवरूपात यायचा, त्यात रशिया-युक्रेनचं युद्ध सुरू झालं. सगळ्या पेपरांत ठळक मथळा, सीएनजी पेट्रोलपेक्षा महाग! पेट्रोल तेव्हा ११० च्या आसपास होतं. माझ्याकडे एक टूरिस्ट गाडीवाला आला, डोळ्यांत पाणी. सहा महिन्यांपूर्वीच पंचावन्न हजारांचा किट बसवला होता. म्हणे, "मिस्त्री, हा सिलिंडर काढून टाका, मले हे परवडून नाही राह्यलं." मी वही काढली. त्याची गाडी पेट्रोलवर सोळा देत होती आणि सीएनजीवर किलोला बावीस. ११० भागिले १६, पावणेसातच्या वर. १२० भागिले २२, साडेपाचच्या आत. "अरे बाप्पा, अजूनही सव्वा-दीड रुपया वाचून राहिला तुझा किलोमीटरमागे. कायले काढतो?" सिलिंडर राहिला. पण हेही खरं की किटचे पैसे वसूल व्हायला त्याला साडेअडतीस हजारांहून जास्त किलोमीटर लागणार होते. बसवणाऱ्यानं वीस सांगितले होते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते, त्याचा खर्च आणि दोन दिवसांचा धंदा, हे तर सांगितलंच नव्हतं. बसवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तोही याच शहरात राहतो, मीही.

खरं तर या शहरातच सगळं आधी येतं. ऑगस्ट २०१४ मध्ये देशातली पहिली इथेनॉलवरची बस नागपुरात आली; हिरवी, देखणी, आतून थंडगार. ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घेण्यासाठीचं औषध, डिझेलसारख्या इंजिनात. मी मुद्दाम बसून आलो होतो. धूर नाही, फक्त मघाशी सांगितला तो दवाखान्याचा वास. २०१८ साली बंद झाली. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सी इथंच आधी धावल्या. आमच्या गल्लीतला एक जण चालवायचा. त्याची तक्रार गाडीबद्दल नव्हती. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चार्जिंगच्या रांगेत दोन-तीन तास बसायचं, तेवढ्या वेळात दोन भाडी गेली, हप्ता तर द्यायचाच आहे. वर्षभरात त्यानं डिझेलची घेतली. जुलै २०२१ मध्ये देशातला पहिला खासगी एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) पंप कामठी रोडला सुरू झाला. मार्च २०२२ मध्ये गडकरीसाहेब हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले. आम्हा नागपूरकरांना त्याचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पण फीत कापल्यावर गाडी चालवायची कुणी, भरायची कुठं, दुरुस्त करायची कुणी, याची फीत कुणी कापत नाही.

हायड्रोजनचं वहीत मांडून पाहिलं, फक्त कुतूहल म्हणून. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. त्या एका किलोवर ती गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. त्याच पंचावन्न युनिटवर माझ्या शेजाऱ्याची बॅटरीची गाडी, भिंतीतून घेतलेल्या युनिटला सहा किलोमीटर धरले, तर सव्वातीनशे जाते. ट्रकला, रेल्वेला, पोलाद कारखान्याला हायड्रोजन लागेल, ती मोठी माणसं जाणोत. पण बर्डीवर भाजी आणायला जायच्या गाडीत ते कशाला, मला कळत नाही.

बॅटरीच्या गाडीचा हिशेब मात्र बसतो. युनिट १२ रुपयांना धरलं तरी किलोमीटरला दोन रुपये. माझ्या पेट्रोलपेक्षा जवळजवळ पाच रुपये कमी. गाडी चार लाखांनी महाग पडली तर ऐंशी हजार किलोमीटरनंतर फायदा सुरू. रोज पन्नास-साठ चालवणाऱ्यानं खुशाल घ्यावी. फक्त रामटेकला महिन्यातून चारदा जाणाऱ्यानं घाई करू नये. एक मात्र लक्षात असू द्या, की नागपूरची वीज म्हणजे कोराडी आणि खापरखेडा, म्हणजे कोळसा. धूर गाडीच्या मागून निघत नाही, कोराडीच्या धुराड्यातून निघतो. सीताबर्डीच्या चौकात उभ्या पोलिसाचा त्यात फायदा आहे, कोराडीत राहणाऱ्याचा नाही. छतावर पॅनल बसवून चार्ज करणाऱ्याचं वेगळं.

आणि त्या गाडीला मी हात लावत नाही, हेही कबूल करतो. आत नागपुरी संत्र्याच्या रंगाच्या जाड वायरी असतात. त्या रंगाचा अर्थच, इथं हात लावशील तर मरशील. साडेतीनशे व्होल्ट. माझ्याकडचा पोट्टा मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणतो, "उस्ताद, मी करतो ना." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. रबरी हातमोजे आणून ठेवलेत, पण शिकवणारं कुणी नाही. कंपनी आपल्या माणसांना शिकवते, आम्हा रस्त्यावरच्या मिस्त्र्यांना कोण शिकवणार? शहरातल्या जुन्या गाड्या तर आमच्याकडेच येतात. पाच-सात वर्षांनी या विजेच्याही येतील, आणि कुणीतरी एखादा पोट्टा हात लावेलच.

शेतकऱ्याबद्दल थोडं. मक्यापासून एक लिटर इथेनॉल काढायला अडीच किलोच्या वर मका लागतो. उसाच्या इथेनॉलला तर लिटरमागे पाणीच २,८६० लिटर, हेही त्या अहवालात आहे. आमच्या विदर्भात ऊस किती? इथं कापूस, तूर, सोयाबीन, आणि भंडारा-गोंदियाकडे धान. धानाच्या तणसापासून इथेनॉल काढणारा कारखाना पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालाय. माझ्या सासऱ्यांच्या शेतावर दर फेब्रुवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, उपटून बांधावर पेटवतात. त्या धुरात उभा राहिलो की वडिलांची भट्टी आठवते. पऱ्हाटीतून इंधन निघालं आणि त्याचा पैसा सासऱ्यांना मिळाला, तर किलोमीटरचे ४७ पैसे मी विनातक्रार देईन. आज माझे ४७ पैसे कुठं जातात ते मला दिसत नाही, आणि सासऱ्यांना तर काहीच पोचत नाही.

माझं मागणं मोठं नाही. बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगळं ठेवा म्हणून जी याचिका झाली, ती सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तेव्हा तो हट्ट मी धरत नाही. पण नोझलवर ठळक अक्षरात, मराठीत, किती टक्के इथेनॉल आहे ते लिहा. मी माझ्या रोजच्या रस्त्यावरचे चार पंप फिरून पाहिलं; एका ठिकाणी स्टिकर होतं, तेही इंग्रजीत, अर्धं उडालेलं. बाकी तिन्ही ठिकाणच्या पोरांना विचारलं, "यात इथेनॉल किती?" एक म्हणाला, "काका, झिरो बघा." त्याला वाटलं मी मीटरचं विचारतोय. भावाच्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावा, जुन्या गाडीला अ‍ॅव्हरेज किती कमी पडेल याची. आणि पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी आहे की नाही, हे पाहायला काठीला लावायची पेस्ट असते, पाणी लागलं की रंग बदलते. ती तपासणी पावसाळ्यात रोज सकाळी गिऱ्हाइकासमोर करा. पाच मिनिटांचं काम. एरवी पंपवाला म्हणतो पाणी तुमच्या टाकीत होतं, गिऱ्हाईक म्हणतं तुमच्या, आणि दोघं मिळून माझ्याकडे बघतात.

सरांच्या गाडीचा पंप अजून आलेला नाही. २००९ च्या मॉडेलचा नव्या रबराचा हवा म्हणून मागवलाय, दुकानदार दोन आठवडे "उद्या" म्हणतोय. टाकी धुऊन, वाळवून, उन्हात उलटी ठेवलीय. सर रोज संध्याकाळी फिरायला निघाले की येऊन जातात, मोजनळी मागून घेतात आणि टपरीवरच्या पोट्ट्यांना प्रयोग करून दाखवतात. काल त्यांनी निळीऐवजी शाई वापरून पाहिली. शाई जास्त छान दिसते म्हणाले.

नाव छापू नये ही विनंती. निम्मी गिऱ्हाइकं एका पार्टीची आहेत, निम्मी दुसरीची. वही कुणाला पाहायची असेल तर गॅरेजवर यावं, रविवार सोडून. रविवारी मी रामटेकला असतो.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला, नंदनवन, नागपूर